राजमाचा उपास

राजेश्वरीबाईंनी संकल्प सोडला तो गुरुवारी सकाळी, दत्ताच्या तसबिरीसमोर. आणि तळहातावरचं पाणी ताम्हणात पडून गेल्यानंतर लेकीला फोन लावला. आधी फोन आणि मग संकल्प असा क्रम ठेवला असता, तर पुढे जे झालं त्यातलं निम्मं टळलं असतं.

संकल्प तसा साधा होता. घरात आलेलं लेकरू जोवर तोंडात घास घेत नाही, तोवर आपणही धान्याला शिवायचं नाही. नवं घर, नवी माणसं, लेकरू बावरलंय. दोन दिवसांत रुळेल, असा बाईंचा अंदाज. गुरुवार त्यांचा मुळात उपासाचा, शनिवारही उपासाचा. अडचण काय ती मधल्या शुक्रवारची. एका शुक्रवारच्या भाकरीत देवाचं आणि लेकराचं दोघांचं भागत असेल, तर त्यांची काही तक्रार नव्हती.

लेकरू म्हणजे साप होता.

त्यांची एकुलती एक लेक संस्कृती पुण्यात नोकरीला. कंपनीने तिला दोन महिन्यांसाठी परदेशी धाडलं, तेव्हा गुरुपौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी ती शेवगावला आली आणि एक प्लास्टिकचा पारदर्शक डबा आईच्या स्वाधीन करून गेली. डब्यात हातभर लांबीचा, सहा महिन्यांचा, आफ्रिकेकडचा छोटा अजगर. बॉल पायथन म्हणतात त्याला. घाबरला की अंगाचा चेंडू करतो म्हणून. विष नाही, फुत्कार नाही. तपकिरी अंगावर फिकट ठिपके, म्हणून नाव राजमा. सोबत एक गरम राहणारी विजेची पट्टी, लपायला मातीचं उपडं मडकं, एक लांब चिमटा, आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फात गोठवलेले दहा पांढरे उंदीर.

"आठवड्याला एक द्यायचा," संस्कृती म्हणाली होती. "कोमट पाण्यात गरम करायचा, चिमट्यात धरायचा, हलवायचा. तो झडप घालतो. सोपं आहे."

राजमाने दोन वेळा उंदराकडे पाठ फिरवली होती. म्हणून संकल्प. म्हणून मग फोन.

"आई, खाईल गं. हट्टी जात आहे ही. मोठे बॉल पायथन चार-चार महिने काही खात नाहीत."

बाई पाटावरच बसल्या होत्या. त्यांनी ताम्हणातल्या पाण्याकडे पाहिलं.

"चार महिने?"

"मोठे. हा लहान आहे, याला तेवढं झेपायचं नाही. तू दर आठवड्याला त्याचं वजन कर. आत्ता दोनशे दहा ग्रॅम आहे. एकशे ऐंशीच्या खाली गेला तर मात्र पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागेल, घशात नळी घालून भरवतात. लहान साप त्यातून उठतोच असं नाही." मग जरा थांबून, "का गं? असं का विचारतेस?"

"सहज," राजेश्वरीबाई म्हणाल्या. संकल्प बोलून दाखवला की हलका होतो, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. त्यात त्यांचा आवाज मुळातच असा, की 'सहज' सुद्धा समोरच्याला दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागे.

घरात आणखी एक माणूस होतं. ते ओसरीवर राहायला गेलं होतं. बाईंचे यजमान मच्छिंद्रराव माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा त्यांनी एकतीस वर्षं असा शिकवला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पाय वर घेऊन बसत. पण तो साप फळ्यावरचा. खरा घरात आल्यापासून मच्छिंद्ररावांनी पेपर, चष्मा, रेडिओ आणि अंथरूण ओसरीवर हलवलं, आणि तिथून खिडकीच्या गजांतून ते मार्गदर्शन करू लागले.

"अगं, साप शीत रक्ताचा असतो. त्याला ऊब लागते."

"पट्टी लावलीय की अहो."

"काय?"

"पट्टी लावलीय!"

"हां. मग बरोबर आहे."

आता उंदरांचं. राजेश्वरीबाईंच्या फ्रीजमध्ये आजवर अंडंसुद्धा गेलं नव्हतं. शिवाय उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, आणि बाई बावीस वर्षं संकष्टी करत होत्या. साप महादेवाच्या गळ्यातला, उंदीर त्यांच्या मुलाच्या पायाशी. कैलासावर हे सगळे एका घरात नांदतात, पण रोजच्या जेवणाची व्यवस्था पार्वतीमाई कशी लावत होती, ते कुठल्याही पोथीत दिलेलं नाही. बाईंनी दोन पोथ्या पुन्हा चाळून पाहिल्या.

उंदरांची सोय शेजारच्या प्रज्ञाने केली. ती ग्रामीण रुग्णालयात सिस्टर. तिने कंपाउंडच्या भिंतीवरून खोकं उचलून घेतलं.

"द्या इकडे, काकू. आमच्या फ्रीजला सोवळं-ओवळं काही नाही. फक्त आमच्या सासऱ्यांना सांगावं लागेल, ते कुल्फी शोधत असतात."

गरम करून देणं, चिमट्यात धरणं, हेही तीच करणार होती. अट एकच: संध्याकाळी सातला त्यांच्याकडे वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन बसतं, त्याआधी उरकायचं. बाईंची अट जरा लांबलचक होती. सोमवारी उंदीर घरात नको, महादेवाचा वार. मंगळवारी नको, देवीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. संकष्टी, एकादशी, प्रदोष तर बोलायलाच नको.

प्रज्ञाने बोटं मोजली. "म्हणजे बुधवार आणि रविवार."

"श्रावण लागेपर्यंत," बाई हळूच म्हणाल्या. "श्रावणात बुधवारी बुध-बृहस्पतीची पूजा असते. आणि रविवारी आदित्याची."

"काकू, तुमच्या घरात जेवायला साप आला हे त्याचं नशीब बघा!"

तर बुधवार झाला, रविवार झाला. प्रज्ञा चिमटा हलवी, उंदीर नाचवल्यासारखा दिसे, राजमा मडक्याखाली डोकं घाली. राजेश्वरीबाई पदर सावरून चार हातांवर उभ्या. त्यांच्या हातचं जेवून कुणी अर्धपोटी उठला, असं त्या घरात कधी घडलेलं नव्हतं. पाहुण्याने हात आडवा केला की हातावर पोळी, ताट सरकवलं की ताटात भात. तोच आग्रह त्या आता डब्याला करू लागल्या.

"एकच घे रे बाळा. छोटासा आहे. मी सांगते म्हणून घे."

वजन दोनशे एक भरलं. लाडवांसाठी आणलेला काटा. त्याच्यावर स्टीलची वाटी, वाटीत साप.

इकडे बाईंचं साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, पुन्हा साबुदाणा असं चक्र सुरू होतं. दहाव्या दिवशी जिना चढताना त्यांना कठडा धरावा लागला. दुधाचा रतीब घालणाऱ्या कलाबाईच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं.

"ताई, त्वांड कसं उतरलंय! रोज उपासच हाय का काय तुमचा?"

सांगायचं नाही म्हणता म्हणता बाईंनी सांगितलं. कलाबाईने किटली खाली ठेवली.

"सापासाठी? आन् त्यो न्हाई खाल्ला तर?"

"खाईल गं."

"आवो, दूध द्या की त्याला! मी निरसं आनून देते. आमच्या वस्तीवर लई साप. दुधाबिगर कोन खातंय?"

"साप दूध पीत नाही!" ओसरीवरून आवाज आला. "वैज्ञानिकदृष्ट्या सापाच्या जिभेला—"

"तुमी या ना आत, सर," कलाबाई म्हणाली. "आत येऊन सांगा."

ओसरीवर रेडिओचा आवाज मोठा झाला.

वजन एकशे चौऱ्याण्णव झालं त्या दिवशी बाई डबा पिशवीत घालून रिक्षाने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. पुढे दोन म्हशी आणि एक बोकड होता. केसपेपर काढणाऱ्या माणसाने संगणकावरून मान वर न करता विचारलं, "जनावराच्या कानाच्या बिल्ल्याचा नंबर?"

"बिल्ला नाही."

"काय म्हणालात?"

"बिल्ला नाहीये."

"मग आधी कानाला बिल्ला मारून आणा. नंबराशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"याला कान नाहीत," बाई म्हणाल्या.

त्याने पहिल्यांदा मान वर केली. पिशवीत पाहिलं. खुर्ची भिंतीपर्यंत मागे गेली. पण माणूस भला होता; अडलेल्याला मार्ग काढून देण्यातच त्याची नोकरी गेली होती. यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा एवढेच प्राणी. शेळीचं नवं करडू लिहिलं तर बिल्ल्यावाचून पान पुढे जातं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने तसं लिहिलं. शेळी, नर, वय सहा महिने, तक्रार: चारा खात नाही.

डॉक्टर तरुण होते. डब्याकडे वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बाई, मी म्हशींचा माणूस. पण जनावर आजारी वाटत नाही, घाबरलेलं वाटतंय. याला घरातल्या सगळ्यात शांत जागी ठेवा. आपोआप खाईल."

सगळ्यात शांत जागा! बाईंना रिक्षातच गहिवरून आलं. घरात ओसरीवर रेडिओ, स्वयंपाकघरात मिक्सर, हॉलमध्ये टीव्ही. आयुष्यभर जिथे बसलं की आपला जीव थाऱ्यावर येतो, ती एकच जागा त्यांना ठाऊक होती. घरी येताच त्यांनी राजमाचा डबा देवघरात ठेवला, समईच्या उजव्या हाताला, चौरंगावर.

तिथे रोज सकाळी सहाला घंटा. मग धूप. मग आरती, टाळ्यांसकट. मग पोथी. संध्याकाळी पुन्हा दिवा, पुन्हा घंटा, कापूर, शुभंकरोती. एवढ्या शांततेतही हा का खात नाही, हे कोडं बाईंना काही सुटेना.

बुधवारच्या भजनी मंडळाला ते लगेच सुटलं. मंडळाच्या अध्यक्षा राजनंदिनीबाई. त्यांचा आवाज असा की त्या बोलल्या की मृदंगवाला हात थांबवी. त्यांनी देवघरात पाहिलं, समईच्या उजेडात वेटोळं करून बसलेला साप पाहिला.

"हा काय खातो?"

"काही खात नाही," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "पंधरा-सतरा दिवस झाले."

"काहीच नाही? पाण्यावर?"

"पाण्यावर."

राजनंदिनीबाईंनी हात जोडले. मग सगळ्या बायकांनी जोडले. "अहो, श्रावण लागायच्या आधीपासून धरलंय यानं! आपण बायका सोमवार सोडताना सात वेळा घड्याळ बघतो. राजेश्वरीताई, तुम्ही उपास करता करता कंटाळत असाल एखादवेळी, हा नाही कंटाळत!"

बाईंना ते लागलं. बावीस वर्षांच्या उपासाला सहा महिन्यांच्या सापाने मागे टाकलं होतं, आणि तेही चारचौघींत. "तसं नाहीये हो, त्याला भूक आहे, पण—" असं त्या म्हणाल्या. पण ते त्यांच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं येऊ लागली. आणि सोमवारी मोटारसायकलवरून वनरक्षक आले. नाव गहिनीनाथ. दारातच बूट काढले, पाणी घेतलं, आणि खिशातून घडी केलेला छापील नमुना काढला.

"अजगर पाळल्याची तक्रार हाय, बाई. कुठं पकडला?"

"पकडला नाही. मुलीचा आहे."

"बरं. कुठं सोडला?"

"सोडायचा नाहीये हो."

"आवो, तसं चालत न्हाई. 'कोठे पकडला' आन् 'कोठे सोडला', हे दोन रकाने रिकामे ऱ्हायले तर साहेब सही करत न्हाईत. काही कागद हाय का याचा?"

घरात राजमाच्या नावाचा एकच कागद होता. बाईंनी तो आणून दिला. गहिनीनाथांनी तो दोनदा वाचला, उलटून पाहिला, मग देवघरात डोकावून पाहिलं, पुन्हा वाचला.

"यात शेळी लिवलंय."

"कानामुळे," बाई म्हणाल्या.

ओसरीवरून मच्छिंद्ररावांनी खुलासा केला, की वैज्ञानिकदृष्ट्या सापालाही ऐकू येतं, फक्त हाडांतून. त्याने प्रकरण आणखी गुंतलं. शेवटी संस्कृतीला फोन लागला. तिकडे पहाट होती. आफ्रिकेचा प्राणी म्हणून तिने केंद्र सरकारच्या पोर्टलवर रीतसर नोंदणी केली होती. प्रमाणपत्र तिने मोबाईलवर पाठवलं. गहिनीनाथांचं समाधान झालं. पण त्यांच्या फायलीला मोबाईल चालत नव्हता, छापील प्रत हवी होती, दोन प्रतींत.

मच्छिंद्रराव झेरॉक्सच्या दुकानात गेले. घराबाहेरचं काम त्यांनी आनंदाने घेतलं. दुकानदाराने छापता छापता ते वाचलं. फोटो, जात, आणि खाली भारत सरकारची राजमुद्रा. "सर, सरकारनं मान्यता दिलेला नाग म्हना की!" त्याने एक जास्तीची प्रत काढून काचेवर लावली, सर नको नको म्हणत असताना.

त्यानंतर दोन दिवसांनी नागपंचमी होती.

नागपंचमीला त्या घरात विळी निघत नाही, तवा चढत नाही. बाईंनी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती, ती नैवेद्यापुरती; स्वतः खाणार नव्हत्याच. पहाटेच वजन केलं होतं. एकशे शहाऐंशी. त्या आकड्याने त्यांचं जपात लक्ष लागलं नाही. साडेसातला फाटकाशी रांग होती. बायका, पोरं, लाह्या, हळदी-कुंकू, दुर्वा, आघाडा; प्रत्येकीच्या हातात दुधाची वाटी. दरवर्षी वारुळ शोधत गावाबाहेर चिखलात जावं लागे, यंदा पक्क्या घरात पंख्याखाली सोय होती. राजनंदिनीबाईंनी व्यवस्था हातात घेतली. चपला इकडे, रांग तिकडे, झांजा देवघराच्या उंबऱ्यावर.

"एकेकीनं या," राजेश्वरीबाई म्हणत होत्या. "आरती बाहेर म्हणा. दूध नको, तो पीत नाही."

हे सगळं त्या व्यवस्थित बोलत होत्या. फक्त झांजांत ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

डब्याचं झाकण कुणी उघडलं ते कळलं नाही. पाण्याच्या वाटीत दूध आलं, मग दुधात लाह्या, मग मडक्यावर कुंकू. राजमाचा चेंडू झाला होता. डोकं कुठे, शेपूट कुठे, दिसत नव्हतं. तो चेंडू थरथरत होता. कलाबाई पुढे वाकली आणि तिने आपल्या हातातली वाटी मागे घेतली.

"ताई, ह्याला दम लागलाय वो. पोरगं भ्यालंय."

त्याच क्षणी बाईंच्या कमरेला खोचलेला मोबाईल वाजला. संस्कृतीचा व्हिडिओ कॉल होता. बाईंनी गोंधळात तो उचलला आणि नेहमीप्रमाणे उलटा धरला.

"आई, हे काय चाललंय? झांजा कसल्या? ती समई... आई, राजमा कुठे आहे?"

"देवघरात."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी शांत जागा सांगितली होती."

 मागे आरतीचं आणखी एक कडवं झालं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, बाईंच्याच आवाजात. "त्याला घंटा पोटातून जाणवते गं. जमीन हलल्यासारखी. आणि धूप. तो खाईल कसा? त्याला अंधाऱ्या खोलीत ठेव. पाच दिवस कुणी जायचं नाही. हात लावायचा नाही, वजन करायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी मडक्यातून डोकं बाहेर काढून बसला, तर त्याच वेळी द्या. नाही खाल्लं तर मी पुण्याच्या डॉक्टरांना सांगते."

नळीचं ती बोलली नाही. बोलण्याची गरज नव्हती.

राजेश्वरीबाईंनी मोबाईल पुन्हा कमरेला खोचला. "पुरे," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी आजवर न केलेली गोष्ट केली: दोन्ही हातांनी तो डबा उचलला, छातीशी धरला, आणि चालू लागल्या. गर्दीला वाटलं, आता मिरवणूक. वाट झाली. दोन्ही बाजूंनी लाह्या आणि फुलं पडू लागली, राजनंदिनीबाईंनी जयघोष केला, आणि त्या जयघोषात बाई स्वयंपाकघर ओलांडून मागच्या धान्याच्या खोलीत शिरल्या व त्यांनी आतून कडी लावली. बाहेर पाच मिनिटं आरती चालू होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की समोर फक्त बंद दार आहे.

पाच दिवस म्हणजे किती असतात, हे बाईंना तेव्हा कळलं. वाटीतलं दूध पुसून, स्वच्छ पाणी भरून, पट्टी लावून त्या बाहेर आल्या आणि दाराला कुलूप घातलं. ज्वारी आत, गहू आत, तांदूळ आत. मच्छिंद्ररावांच्या ताटात तिसऱ्या दिवशीही भगर आली तेव्हा ते म्हणाले, "अगं, संकल्प मी कधी सोडला होता?"

"दारात आवाज नको अहो. दोन दिवस राहिले."

राजनंदिनीबाईंनी निरोप धाडला: आमच्या हातून काही विटाळ झाला असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही मंडळ दुसरीकडे बसवू. पंचमी बुधवारीच आली होती; बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या संध्याकाळचं भजन त्या घरात झालं नाही. बाईंनी स्वतःची घंटाही पाच दिवस वाजवली नाही. देवाला नुसती फुलं वाहिली, कापूर अंगणात तुळशीपाशी लावला, आणि आग्रह करकरून वाढणारे हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. दाराला कान लावायचाही मोह होई. आतून काहीच आवाज येत नसे. एकशे शहाऐंशी वजा पाच दिवस, हे गणित त्या मनातल्या मनात करत आणि मध्येच सोडून देत.

सहाव्या दिवशी साडेपाचला प्रज्ञा भिंतीपाशी आली ती गणवेशात. हातात आइस्क्रीमचा जुना डबा.

"काकू, अचानक ड्यूटी लागली, बाळंतपणाच्या तीन केसेस आल्यात. हा एक काढून ठेवलाय, वितळलाय. पाणी हाताला चटका बसणार नाही इतपत गरम घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंधरा मिनिटं ठेवा. जमेल?"

"मला?"

"मग काय सरांना?"

ती गेली. बाईंनी कुलूप काढलं आणि दार चार बोटं उघडलं. खोली अंधारी होती. मडक्याच्या फुटक्या काठातून एक छोटं, अंगठ्याएवढं डोकं बाहेर आलं होतं. जीभ हलत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसला.

त्या पाणी तापवायला वळल्या तेव्हा ओसरीच्या खिडकीतून मच्छिंद्रराव म्हणाले, "अगं, आज एकादशी आहे. पुत्रदा."

बाई थांबल्या. सहा दिवस त्यांनी दिवस मोजले होते, तिथी मोजली नव्हती. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"उद्या दे ना," मच्छिंद्रराव म्हणाले. त्यांचाही आवाज आज मार्गदर्शनाचा नव्हता.

उद्या बुधवार, बुधाची पूजा. परवा गुरुवार. मग शुक्रवार, मग शनिवार. बाई एकेक दिवस पुढे जात राहिल्या, आणि कुठल्याच दिवशी त्या लहानशा डोक्याला जागा सापडेना. सगळे वार त्यांनीच देवाला देऊन टाकले होते. त्यांतला एकही राजमाने दिलेला नव्हता.

"एकादशी माझी आहे अहो," त्या म्हणाल्या. "त्यानं कुठे धरलीय?"

त्यांनी पाणी तापवलं. रंगाच्या जुन्या डब्यात ओतलं. पंधरा मिनिटं गणपतीचं स्तोत्र मनात म्हणत पिशवीकडे पाहत राहिल्या. चुकलं असेल तर पदरात घे, एवढंच शेवटी म्हणाल्या. मग कोमट झालं का हे कळायला दुसरा उपाय नव्हता. त्यांनी तो उंदीर आपल्या तळहातावर घेतला. बोटभर जीव, पांढरा, मऊ. तळव्याला ऊब लागली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

खोलीत दिवा लावला नाही. चिमटा पुढे करताना हात कापत होता, आणि त्या कापण्यानेच उंदीर हवा तसा हलत होता. 'घे' हा शब्द ओठांवर आला, तो त्यांनी गिळला. एक क्षण गेला. दुसरा गेला. मग काहीतरी झालं, इतक्या चटकन की डोळ्याला दिसलं नाही. चिमट्याला हिसका बसला, चिमटा रिकामा झाला, आणि डब्यात त्या इवल्याशा अंगाचे तीन वेढे पडले होते.

बाईंनी पाठ फिरवली. लाजऱ्या पाहुण्याच्या ताटाकडे टक लावून बघू नये, तो जेवत नाही. पाय हलके पडतील असं चालत त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि दाराला टेकून जमिनीवरच बसल्या. 

मागच्या अंगणातून कलाबाई किटली घेऊन आली. बाईंना तसं खाली बसलेलं पाहून ती जागीच थबकली.

"काय झालं वो ताई? गेलं का काय लेकरू?"

राजेश्वरीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. जेवायला बसलाय."

कलाबाईने किटली आवाज न करता खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि ती बाईंच्या शेजारी उकिडवी बसली.

"मंग सुटला की तुमी! सव्वीस दिस झालं. थांबा, मी टाकते गरम भाकर. पीठ कुठं हाय?"

"आज एकादशी," बाई पुटपुटल्या. त्यांनी डोकं मागे दाराला टेकलं आणि डोळे मिटले. "आज त्याचं होऊ दे. माझं उद्या."